नाशिकच्या काळ्या मातीत ॲव्होकॅडो: अंगणात जगवलंय का कोणी?

मखमलाबादकर | १४ मे

नमस्कार मंडळी. घराच्या मागे एक मोकळा कोपरा आहे, दुपारी तीनपर्यंत ऊन असतं. पूर्वी तिथे पपई होती. माती काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात चप्पल रुतून बसते. झाडांना बोअरचं पाणी देते. बादलीला पांढरा थर धरतो ते पाणी. नळाचं येतं ते घरातच पुरत नाही.

मुलीने ॲव्होकॅडोची कोय काड्या टोचून ग्लासवर ठेवली होती. ती रुजली, कुंडीत लावली, आता रोप माझ्या कमरेला लागलंय. पण पानांची टोकं तपकिरी होऊन वाळतात आणि करपा कडेकडेने आत सरकतो. पाऊस सुरू झाला की रोप जमिनीत लावायचा विचार आहे.

आपल्या हवेत हे झाड येतं का? कोयीच्या झाडाला फळ धरतं का? टोकं कशाने जळतायत? सासूबाईंचं म्हणणं, आंब्याला करतो तसं मोठं आळं करून दोन पाट्या शेणखत घालावं. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती. आमच्या घरी या रोपावर सगळ्यांचा जीव आहे.

द्राक्षबाग | १४ मे

ताई, सासूबाईंचा मान ठेवून सांगतो, आळं करू नका. बाकीचं मागाहून वाचा, हे आधी.

या झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच पसरतात. त्यांना केसमुळं जवळजवळ नसतातच. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपल्या भारी रानात जुलैची झड लागली की माती आठवडा-आठवडा निथळत नाही. तेवढ्यात मुळं गुदमरतात आणि गुदमरलेल्या मुळाला सडीचा रोग लागतो. आळं केलं की खोडाशी पाणी साठवण्याची सोय आपणच करून दिली.

आमच्या दिंडोरीकडे काहींनी हौसेने बांधावर आणि घरामागे ही झाडं लावली. सगळ्यांचा घोर एप्रिल-मेच्या उन्हाचा. सावलीच्या जाळ्या लावल्या, दिवसाआड पाणी दिलं, उन्हाळा निभावला. झाडं गेली ती ऑगस्टमध्ये, मान टाकून, ओल्या मातीत. नाशिकला ॲव्होकॅडो उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त मरतं, हे माझं ठाम मत आहे.

आधी जागा तपासा. दीड फूट खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, जिरू द्या, परत भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी संध्याकाळपर्यंत तसंच उभं असेल तर त्या जमिनीत थेट लावायचंच नाही. तुमच्या वर्णनावरून ते उभंच राहणार.

मग खड्ड्याऐवजी उंचवटा करायचा. बुडाशी पाच-सहा फूट रुंद, मधोमध दीड-दोन फूट उंच. खालची काळी माती आधी टिकावाने हलवून मोकळी करा, म्हणजे वरची भर आणि खालची जमीन यांच्यात टणक थर राहत नाही. भर कशाची? लाल माती, बारीक मुरूम आणि पुरतं कुजलेलं खत. लाल माती त्र्यंबक-घोटीकडची मिळाली तर उत्तम. चुनखडीचा पांढरट मुरूम अजिबात नको. उंचवट्याच्या उताराच्या बाजूला एक चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या. रोप कुंडीत जेवढं खोल आहे तेवढंच ठेवा, खोडाला माती चढवू नका.

शेणखताबद्दल: ताजं, उबदार शेणखत घातलंत तर हुमणी येईल आणि कोवळी मुळं खाऊन टाकेल. हातात घेतल्यावर भुसभुशीत लागतं आणि शेणाचा वास येत नाही, असंच खत घ्या. नसेल तर गांडूळखत.

वनस्पतीशाळा | १५ मे

द्राक्षबाग यांच्या शब्दाला शब्द जोडते. मी वनस्पतीशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं मागचं कारणही सांगते.

मुळं सडवणारा तो जीव म्हणजे फायटोप्थोरा सिनॅमोमी. १९२२ साली सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर त्याचं वर्णन पहिल्यांदा झालं, म्हणून नावात दालचिनी आहे. ॲव्होकॅडो, दालचिनी आणि तमालपत्र ही एकाच कुळातली झाडं. याला आपण सवयीने बुरशी म्हणतो, पण हा खऱ्या बुरशीच्या गटातला नाही. त्याचे बीजाणू मातीतल्या पाण्यातून पोहत मुळापर्यंत पोचतात. माती निथळलेली असली की त्यांना वाटच मिळत नाही. नाशिककरांना याचा चुलतभाऊ चांगला ठाऊक आहे: द्राक्षाच्या पानांवर येणारा डाऊनी रोग याच गटातला.

आता टोकांचं. पान टोकापासून जळत कडेने आत येतं, ते क्षाराचं लक्षण, विशेषतः क्लोराईडचं. ॲव्होकॅडो हे खाऱ्या पाण्याला फळझाडांतलं फार नाजूक झाड आहे. बोअरचं पाणी रोज थोडं थोडं दिलं की पाणी उडून जातं, क्षार कुंडीत राहतात आणि दिवसेंदिवस साठतात. काय करायचं:

रोज तांब्याभर न देता, वरची दोन बोटं माती कोरडी झाली की कुंडीच्या तळातून मोकळं वाहेल इतकं द्यायचं. महिन्यातून एकदा नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी दुप्पट देऊन क्षार धुऊन काढायचे. आणि स्वयंपाकघरातल्या आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडाला वळवलं असेल तर या झाडापुरतं आजच बंद करा. त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. बऱ्याच घरी काटकसर म्हणून ते कुंड्यांना जातं.

जळालेली पानं हिरवी होत नाहीत, पण ती तोडूही नका. नवी पालवी कशी येते त्यावर लक्ष ठेवा. नव्या पानांचा रंग पिवळा आणि फक्त शिरा हिरव्या, असं दिसलं तर ते दुखणं वेगळं, लोहाच्या कमतरतेचं. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, झाडाला घेता येत नाही.

द्राक्षबाग | १५ मे

मॅडम, बरोबर. लोहासाठी दुकानात चिलेट (झाडाला घेता येईल अशा रूपातलं लोह) मागताना ईडीडीएचए प्रकारचंच मागायचं. ईडीटीए स्वस्त पडतं पण आपल्या साडेसात-आठ सामूच्या (पीएचच्या) मातीत टिकत नाही. बागाइतदारांना हे पाठ आहे, घरगुती बागेवाले मात्र फसतात.

पालाशचंही तसंच. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराईडच, ते या झाडाला नको. सल्फेट ऑफ पोटॅश द्यायचं, आपण द्राक्षाला शून्य-शून्य-पन्नास देतो तेच. लहान रोपाला चिमूटभर पुरे. जस्त कमी पडलं तर पानं बारीक आणि जवळजवळ येतात, त्यावर झिंकची हलकी फवारणी.

गच्चीवरची बाग | १६ मे

मी इंदिरानगरला चौथ्या मजल्यावर राहते. मखमलाबादकरताई, कोयीच्या झाडाला फळ धरतं का या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, मलाही तेच हवंय. शिवाय गच्चीत ड्रममध्ये हे झाड होईल का?

वनस्पतीशाळा | १६ मे

कोयीच्या झाडाला फळ धरतं, पण दोन गोष्टी मान्य करून लावावं. एक, वेळ: पाच-सहा वर्षं लवकर म्हणायची, दहाही लागतात. दुसरं, आपण खाल्लं तेच फळ परत मिळेल असं नाही. प्रत्येक कोय नवं संकरित मूल असते. गर तंतुमय निघेल, पाणचट निघेल, किंवा अप्रतिम निघेल.

अप्रतिम निघाल्याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण हास जातीचं. कॅलिफोर्नियातल्या ला हॅब्रा हाइट्सला रुडॉल्फ हास नावाच्या पोस्टमनने १९२०च्या दशकात कोयीचं रोप लावलं. त्यावर त्याला फ्युर्टे जातीचं कलम करायचं होतं. कलमं लागली नाहीत, झाड तसंच वाढू दिलं, आणि फळ इतकं उतरलं की १९३५ साली त्याने त्याचं पेटंट घेतलं. आज जगाच्या बाजारात सर्वाधिक विकलं जाणारं ॲव्होकॅडो त्या एका कोयीच्या झाडापासून कलमांनी वाढलेलं आहे. ते मूळ झाड २००२ साली गेलं. कशाने? मूळकुजीने.

तेव्हा लवकर आणि खात्रीचं फळ हवं असेल तर कलमी रोप. तीन-चार वर्षांत धरतं. आणि घरातल्या कोयीचं रोप जपायचं असेल तर त्यावर नंतर चांगल्या जातीची काडी बांधता येते. मला तो मार्ग फार आवडतो, कारण खुंट, म्हणजे ज्यावर काडी बांधतो ते खालचं मुळासकटचं रोप, आपल्याच पाण्या-मातीत वाढलेला असतो.

जातींबद्दल. हासला थंड डोंगराळ हवा मानवते. आपल्या देशात हे पीक रुजलं ते कूर्ग, निलगिरी, वायनाड, पळणीच्या डोंगरांत. तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या तडियनकुडिसई केंद्राची टीकेडी-१ आणि कूर्गातल्या चेट्टळ्ळी केंद्राची अर्का सुप्रीम या भारतातच निवडलेल्या जाती. ॲव्होकॅडोचे मूळ वंश तीन: मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि वेस्ट इंडियन. मेक्सिकन थंडी सोसतो, वेस्ट इंडियन उष्णता आणि क्षार सोसतो. इस्रायलसारख्या खाऱ्या पाण्याच्या देशात खुंटासाठी वेस्ट इंडियन वंश वापरतात.

द्राक्षबाग | १६ मे

म्हणजे आमच्या द्राक्षाच्या डॉगरिज खुंटासारखंच. चांगली द्राक्षं स्वतःच्या मुळावर खाऱ्या पाण्यात तग धरत नाहीत म्हणून नाशिकने जंगली खुंट घेतला. इथेही रोप घेताना लोक जात विचारतात, खुंट कोणाचा ते विचारत नाहीत. नर्सरीवाल्याला दोन्ही विचारा. सांगता येत नसेल तर पुढची नर्सरी बघा.

कलमाचा सांधा बोटाने चाचपून बघा, भक्कम आणि भरलेला हवा. पिशवीच्या तळातून मुळं गोल गोल गुंडाळलेली दिसली तर ते रोप घेऊ नका. लावल्यावर सांध्याच्या खालून फुटवा आला की कोवळा असतानाच खुडायचा, नाहीतर खुंटाचंच झाड होतं आणि वरची काडी मागे पडते.

खंडोबा टेकडी | १८ मे

देवळाली कॅम्पला आमच्या बंगल्यात एक कलमी झाड आहे, आता छपराला लागलंय. जमीन मुरमाड, उताराची, त्यामुळे निचऱ्याची चिंता कधी पडली नाही. उन्हाबद्दल माझा अनुभव लिहितो, कारण वर ते थोडं हलक्यात घेतलंय असं वाटलं.

झाड मरत नाही हे खरं, पण उघड्या फांदीची साल पश्चिमेच्या उन्हात भाजते, तडकते, आणि तिथून फांदी वाळत जाते. उपाय सोपा: भिंतीच्या, पाण्यात मिसळणाऱ्या पांढऱ्या रंगात तेवढंच पाणी घालून खोडाला आणि दिसणाऱ्या फांद्यांना हात मारायचा. आम्ही फेब्रुवारी संपता संपता मारतो. खालच्या फांद्या छाटायच्या नाहीत, त्या खोडावर सावली धरतात. माळी लोकांना खोड मोकळं करायची भारी हौस असते, त्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं, पालापाचोळा. झाडाचा स्वतःचा पडलेला पाला कधीही झाडून टाकू नका. वर उसाचं पाचट, वाळलेली पानं, जे मिळेल ते चार-सहा बोटं जाड पसरा. फक्त खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा. मे महिन्यात आमच्याकडे पाचट उचकटलं की खाली माती ओलसर, गार असते आणि पांढरी मुळं अक्षरशः पाचटात चढून आलेली दिसतात. म्हणून त्या भागात खुरपणी बंद. तण हाताने उपटायचं.

पहिले दोन उन्हाळे मात्र हिरवी जाळी लागतेच. थंडीचं काय? निफाडला पारा खूप उतरतो त्या रात्री कोवळ्या रोपाला गोणपाट. मोठ्या झाडाला आपल्या थंडीने काही होत नाही.

गच्चीवरची बाग | १९ मे

ड्रमचं कोणी सांगेल का?

खंडोबा टेकडी | १९ मे

होतं, पण जमिनीतल्या झाडाएवढं फळ मागू नका. कमीत कमी शंभर लिटरचं भांडं, तळाला भोकं भरपूर, आणि भांडं विटांवर उचललेलं. कोकोपीट वापरलंत तर आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात मीठ असतं. गच्चीत भांड्याची कड तापते आणि कडेची मुळं शिजतात, त्यामुळे काळा ड्रम नको. असेल तर बाहेरून पांढरा रंग द्या. शेंडे खुडत राहा म्हणजे झाड पसरतं. आणि ओल्या मातीसकट शंभर लिटरचं भांडं सव्वाशे-दीडशे किलोपर्यंत भरतं. सोसायटीला विचारून, तुळईवर ठेवा, स्लॅबच्या मध्यावर नको.

सिन्नरकर | २ जून

सगळं वाचलं, छान चाललंय. एक महत्त्वाची गोष्ट राहिलीय म्हणून खास लॉगिन केलं. ज्यांच्याकडे शेळ्या, गाई, घोडा, ससे किंवा पिंजऱ्यातले पोपट-लव्हबर्ड आहेत त्यांनी या झाडाचा पाला त्यांच्या तोंडाशी येऊ देऊ नका. पानांत, सालीत, कोयीत पर्सिन नावाचं द्रव्य असतं. शेळीने पाला खाल्ला तर कास सुजते, दूध आटतं, जास्त खाल्ला तर हृदयावर जातं. पक्ष्यांना तर थोडंही पुरतं, त्यांना गरही द्यायचा नाही. माणसाला पिकलेला गर चालतो.

आमच्याकडे सगळी छाटणी आपोआप गोठ्यात जाते. कडुनिंब, सुबाभूळ, शेवगा, जे कापलं ते शेळीपुढे. म्हणून लिहिलं. याची छाटणी खतखड्ड्यात टाका आणि वर माती ओढा.

मखमलाबादकर | ४ जून

सिन्नरकर दादा, खूप आभार. शेजारी दोन शेळ्या आहेत आणि कुंपण तारेचं आहे. झाड आता कुंपणापासून लांब, मधोमध घेते.

खड्ड्याची चाचणी केली. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच होतं. सासूबाईंनी स्वतः बघितलं आणि म्हणाल्या, मग उंचावरच लावा. लाल माती आणि मुरमाचा ट्रॅक्टर सांगितलाय. आरओचं पाणीही बंद केलं, आमच्याकडे तेच जात होतं. पावसाळा पूर्ण लागायच्या आत लावू की संपल्यावर?

द्राक्षबाग | ४ जून

उंचवटा आत्ताच करा, चार पाऊस त्यावर पडू देत, माती बसते. बसली की परत भर घाला. रोप सप्टेंबरच्या शेवटी लावा. आपल्याकडे पहिल्या पावसात झाड लावायचा रिवाज आहे आणि बाकी झाडांना तो मानवतो, पण भारी जमिनीत कोवळं ॲव्होकॅडो झडीच्या तोंडी देऊ नये. तोवर कुंडी पत्र्याखाली, उजेडात ठेवा.

गोदाकाठ | ११ ऑगस्ट

घाईत लिहितोय, मदत हवी. गंगापूर रोडला घरामागे कलमी झाड आहे, लावून तिसरं वर्ष. आठवड्यापासून पानं लोंबतायत, रंग उडालाय, नवी पालवी नाही. दोन दिवस ऊन पडलं तर जास्तच मान टाकली. माळी म्हणतो पाणी कमी पडतंय, नळी सोडून ठेवू. सोडू का?

द्राक्षबाग | ११ ऑगस्ट

भाऊ, नळी सोडू नका! माती ओली आणि पान सुकलेलं, म्हणजे मूळ पाणी उचलत नाही. आत्ता जाऊन खोडापासून दोन फुटांवर हाताने वीतभर माती उकरा आणि बारीक मुळं बघा. चांगलं मूळ दुधी-पांढरं असतं, वाकवलं की कटकन तुटतं. सडलेलं काळं असतं आणि चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून हातात येते, आत नुसता दोरा राहतो.

गोदाकाठ | ११ ऑगस्ट

उकरलं. दक्षिणेच्या बाजूला सगळी काळी, साल सुटून येतेय तुम्ही म्हणता तशीच. उत्तरेला चढ आहे, तिथे थोडी पांढरी मुळं मिळाली. खोडाशी आळं आहे आणि त्यात पाणी उभं आहे.

द्राक्षबाग | ११ ऑगस्ट

उत्तरेकडची पांढरी मुळं आहेत तोवर आशा आहे. आजच आळं फोडा आणि दक्षिणेकडून फूटभर खोल चर काढून पाणी अंगणाबाहेर काढा. चर खोडापासून चार फूट लांबून न्या. खोडाशी लागलेली जास्तीची माती बाजूला करा. खत काहीही देऊ नका, आजारी मूळ खताने जळतं. मूळ कमी झालंय तेवढा वरचा भार कमी करा: कोवळे शेंडे आणि फळं असतील तर काढा. पुढे पाऊस थांबला तरी वरची माती सुकल्याशिवाय पाणी नाही.

औषधाचं म्हणाल तर डाऊनीवर चालणारं फोसेटिल किंवा पोटॅशियम फॉस्फोनेट याच गटावर काम करतं. पान ते खाली मुळापर्यंत नेतं, म्हणून पानं शाबूत आहेत तोवरच उपयोग. जगभर ॲव्होकॅडोला तेच देतात, मोठ्या झाडाला खोडात टोचूनसुद्धा. प्रमाण मात्र इथे वाचून घेऊ नका. कृषी सेवा केंद्रात झाडाचं वय आणि उंची सांगा, लेबल वाचा, हातमोजे घाला. पण निचरा न करता औषध मारलं तर पैसे पाण्यात.

वनस्पतीशाळा | १२ ऑगस्ट

एक भर. तिथलं टिकाव-फावडं आणि चपला धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाजवळ जाऊ नका, रोग मातीबरोबर चालत जातो. झाड सावरल्यावर जाड पाचट घाला आणि थोडं जिप्सम. कुजणारा पाला आणि कॅल्शियम दोन्हींनी या रोगाला आळा बसतो. ट्रायकोडर्मा (रोगाच्या जिवांना आवरणारी उपयोगी बुरशी) शेणखतात मिसळून द्यायला हरकत नाही, पण तो प्रतिबंध आहे, सडलेलं मूळ त्याने परत येत नाही.

गोदाकाठ | २० सप्टेंबर

चर काढल्यावर दोन दिवस पाणी पाझरत होतं. दक्षिणेच्या तीन फांद्या वाळल्या, त्या कापून कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली. उत्तरेच्या बाजूने मात्र तांबूस पालवी निघालीय. काल परत उकरून बघितलं, टाचणीएवढी नवी पांढरी टोकं दिसली. माळीदादांना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी त्यांच्याकडच्या दुसऱ्या बंगल्यातलं आळंही फोडलं.

मखमलाबादकर | २ ऑक्टोबर

गोदाकाठ, वाचून फार बरं वाटलं. आमचं रोप काल उंचवट्यावर लावलं. लावताना मुळांभोवतीची मातीची पिंडी फुटू नये म्हणून मिस्टरांनी कुंडीच कापली. दोन बाजूंना दोन ड्रिपर, खोडापासून फूटभर लांब. पावसाळ्यात टाकीत गोळा केलेलं पाणी आहे, ते पुरेल तोवर बोअर मिसळून देते. मधल्या काळात आलेली नवी पानं टोकापर्यंत हिरवी आहेत.

खंडोबा टेकडी | ९ फेब्रुवारी

आमच्या झाडाला मोहोर आलाय, झाड पिवळसर हिरवं दिसतंय. मागच्या वर्षीही असाच भरभरून आला आणि फळं बोटावर मोजण्याइतकी राहिली. काही कमी पडतंय का?

वनस्पतीशाळा | १० फेब्रुवारी

कमी काही नाही, या झाडाची रीतच तशी आहे. हजार फुलांमागे एखादं फळ टिकलं तरी पुष्कळ. पण एक गंमत नक्की बघा, भिंग असेल तर भिंगातून.

याचं फूल दोनदा उमलतं. पहिल्या वेळी ते मादी असतं: मधला स्त्रीकेसर पांढराशुभ्र, ताजा, आणि पुंकेसर बाजूला आडवे पडलेले. मग ते मिटतं. दुसऱ्या दिवशी उमलतं तेव्हा नर: पुंकेसर ताठ उभे, परागकोशांची झाकणं उघडलेली. अ गटाच्या जाती, म्हणजे हास, पिंकर्टन, रीड, सकाळी मादी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ब गटाच्या, म्हणजे फ्युर्टे, बेकन, झुटानो, दुपारी मादी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन्ही गटांची झाडं जवळ असली की सकाळ-दुपार दोन्ही वेळा जोडी जमते. एकटं झाडही फळ देतं, कारण हवा गार-उष्ण झाली की वेळा पुढे-मागे सरकतात आणि एकाच झाडावर नर-मादी फुलं एकत्र सापडतात.

तेव्हा जागा असेल तर दुसऱ्या गटाचं झाड लावा, किंवा त्याच झाडावर एका फांदीला दुसऱ्या गटाची काडी बांधा. मोहोरात कीटकनाशक अजिबात नको. फुलोरी आणि सातेरी मधमाश्या यायला हव्यात. शेजारी कोथिंबीर, बडीशेप फुलावर सोडून दिलीत तर त्या रेंगाळतात.

गच्चीवरची बाग | ११ फेब्रुवारी

आणि फळ तयार झालं हे कसं ओळखायचं? झाडावर मऊ होतं का?

खंडोबा टेकडी | ११ फेब्रुवारी

झाडावर मऊ होत नाही, कितीही थांबा. तोडल्यावरच पिकायला लागतं. हिरव्या जातीची चकाकी गेली, साल मंद दिसायला लागली की एक मोठं फळ देठाचा तुकडा ठेवून कात्रीने काढायचं आणि घरात ठेवायचं. आठवड्याभरात सुरकुत्या न पडता एकसारखं मऊ झालं आणि आतल्या कोयीचं आवरण तपकिरी, कागदासारखं निघालं तर बाकीची तयार. आवरण पांढरट, जाड आणि गराला चिकटलेलं असेल तर अजून महिनाभर सोडा. लवकर पिकवायचं तर पिशवीत केळ्यासोबत. सगळी एकदम तोडायची गरज नाही, झाडच साठवण करतं. मात्र फार उशिरापर्यंत ठेवली तर पुढचा मोहोर कमी येतो.

मखमलाबादकर | १५ फेब्रुवारी

रोपाचं खोड आता पेन्सिलीपेक्षा जाड झालंय. वनस्पतीशाळा मॅडमनी म्हटलं होतं तशी काडी बांधायची तर आत्ता योग्य वेळ आहे का? खंडोबा टेकडी काका, तुमच्या झाडाची काडी मिळेल का?

खंडोबा टेकडी | १५ फेब्रुवारी

काडी आनंदाने देतो, पण आत्ता शेंड्यांवर मोहोर आहे, त्या काड्या चालणार नाहीत. सावलीच्या बाजूला मोहोर न आलेले काही शेंडे आहेत. त्यांची पानं देठाचा तुकडा ठेवून आज कापून ठेवतो, म्हणजे डोळे (फुटायचे कोंब) फुगतील.

द्राक्षबाग | १५ फेब्रुवारी

ताई, वेळ बरोबर आहे, थंडी ओसरलीय आणि कडक ऊन अजून लागलेलं नाही. पाचर कलम करू. खुंट जमिनीपासून वीतभर उंचीवर छाटायचा, पण खाली तीन-चार पानं राहिली पाहिजेत. काडी खुंटाच्याच जाडीची हवी, म्हणजे दोन्हीकडची साल सालीला मिळते. तुम्ही कलमपट्टी, लहान प्लॅस्टिकची पिशवी आणि सावलीसाठी गोणपाट तयार ठेवा. आदल्या दिवशी पाणी द्या. काका, डोळे फुगले की इथे कळवा. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळी द्या, मी चाकू घेऊन मखमलाबादला येतो.